स्टेटस काढायचं की नाही

चि. बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. २०२५ च्या मे महिन्यात, ७ तारखेला पाकिस्तानशी लढाई पेटल्यावर, तू स्टेटसला 'युद्ध नको' एवढेच दोन शब्द ठेवलेस आणि तासाभरात काकांचा फोन आला, "तुझा दादा तिकडं बॉर्डरवर आणि तुला हे सुचतंय?" १० तारखेला गोळीबार थांबला, तरी घरातला अबोला काही थांबला नाही. साताऱ्यात हे व्हायचंच. अपशिंगे गावाच्या तर नावातच 'मिलिटरी' आहे. आपल्याकडं भरती म्हणजे पगार, पक्कं घर, बहिणीचं लग्न, सगळं आलं.

माझं सांगते. १९८७ साली माझा थोरला भाऊ, माझा दादा, श्रीलंकेत जाफन्यात होता. शांतिसेना म्हणून गेले आणि ऑक्टोबरात तिथल्या तमिळ बंडखोरांशी लढाईलाच तोंड लागलं. मी तेव्हा कॉलेजात. ही लढाई आपली नव्हे, माणसं परत आणा, असं पत्र मी एका वर्तमानपत्राला धाडलं आणि ते छापूनही आलं. ते मत मी आजही बदललेलं नाही. सुमारे बाराशे जवान तिथं जिवानिशी गेले. चुकलं ते दुसरंच. मी दादाला काही कळवलंच नव्हतं. कुणीतरी कात्रण ५६ एपीओच्या, म्हणजे फौजेच्या टपालाच्या, पत्त्यावर पाठवलं. मग त्याचं आंतर्देशीय आलं. म्हैस व्याली का, विहिरीला पाणी किती, आणि अगदी खाली, घडीच्या जागेवर, "तुझं पत्र इथं सगळ्यांनी वाचलं. मीच शेवटी वाचलं."

म्हणून स्टेटस काढू नकोस, पण तुझ्या दादाला तू स्वतः सांग. ड्युटीवर असताना फोनवर नको, त्या दोन मिनिटांत त्याला फक्त आईचा आवाज ऐकू दे. सुट्टीवर आला की सांग. तो वाद घालेल किंवा गप्प बसेल. गप्प बसला तर तो तुझ्या बाजूचा आहे असं धरून चालू नकोस. राजकारणावर उघड बोलायची त्याला मुभाच नाही. संविधानाच्या कलम ३३ नुसार सैनिकांच्या हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. तुझ्यावर तसं बंधन नाही, म्हणून त्याच्या तोंडी तुझी वाक्यं घालू नकोस.

आणि 'माझा भाऊ फौजेत आहे, म्हणून मला बोलायचा हक्क' हे तर मुळीच नको. मग ज्याच्या घरात कुणी फौजी नाही, त्यानं काय तोंड शिवून बसायचं? त्याचा वर्दीतला फोटो, पलटणीचं नाव, पोस्टिंगचं ठिकाण यांतलं काहीही तुझ्या लिहिण्यात येता कामा नये. ही शिस्त काकांनाही सांग. अभिमानाच्या भरात असले फोटो तेच जास्त टाकतात.

विरोध कुणाला, हेही एकदा नीट ठरव. १९९० च्या मार्चमध्ये शांतिसेनेच्या शेवटच्या तुकड्या मद्रासला उतरल्या, तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. त्या मोहिमेला त्यांचा विरोध होता, तसा माझाही होता. पण हुकूम सोडणारे दिल्लीत, आणि पाठ फिरवली ती हुकूम पाळणाऱ्यांकडं. माझा दादा त्याआधीच घरी आला होता. रेडिओवर बातमी लागली तसा तो उठून गोठ्यात गेला. मी मागोमाग गेले. म्हणाला, "वैरण टाक." आम्ही दोघांनी मिळून वैरण टाकली.

काकांना सध्या उत्तर देत बसू नकोस. दिवाळीत तुझा दादा आला, की त्याला घेऊन सातारला ये.

तुझी
बाई