लिलावातला आडबाजूचा बंगला: बोलीआधीचे प्रश्न

प्रश्न: मुळशी तालुक्यात गावापासून तीन किलोमीटर आत असलेला एक बंद बंगला बँकेने ई-लिलावात काढला आहे. जागा 20 गुंठे, राखीव किंमत 62 लाख. आसपासच्या भावापेक्षा हे बरंच स्वस्त वाटतं. नोटिशीत 'सांकेतिक ताबा' आणि 'जसे आहे, जेथे आहे' असं लिहिलं आहे. बोली लावावी का? (वाचक, पुणे)

उत्तर: स्वस्ताई बहुधा त्या दोन शब्दप्रयोगांतच आहे. 'जसे आहे, जेथे आहे' म्हणजे मिळकतीतले दोष आणि थकबाकी यांची जोखीम घेणाऱ्याची. सांकेतिक ताबा म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली आणि वर्तमानपत्रात छापली, एवढंच. प्रत्यक्ष ताब्यासाठी सरफेसी कायद्याच्या (बँकांना दावा न लावता तारण विकून कर्ज वसूल करू देणारा कायदा) कलम 14 खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो आणि त्यात महिनोन्‌महिने जाऊ शकतात. आडबाजूच्या बंगल्यात कर्जदार नसला तरी राखणदाराचं कुटुंब असू शकतं. म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना 8 काढा आणि मालकाच्या रकान्यासोबत भोगवटादाराचाही रकाना वाचा.

आता पैशांचं वेळापत्रक पाहा. बयाणा साधारणपणे राखीव किमतीच्या 10 टक्के, म्हणजे इथे 6 लाख 20 हजार. बोली 64 लाखांना सुटली असं धरू. 25 टक्के म्हणजे 16 लाख त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायचे. बयाणा त्यात धरला जातो, म्हणजे हातात 9 लाख 80 हजार तयार हवेत. उरलेले 48 लाख विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी एकूण तीन महिन्यांच्या पुढे नाही. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असल्याने 1 टक्का टीडीएसही तुम्हीच कापून भरायचा.

उरलेली रक्कम चुकली तर ते 16 लाख जप्त होतात. पूर्ण 25 टक्के जप्त करणं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये वैध ठरवलं आहे. 'कर्ज मंजूर झालं नाही' हे कारण तिथे चाललं नाही. सांकेतिक ताब्यातल्या मिळकतीवर गृहकर्ज द्यायला बँका कचरतात, तेव्हा तुमच्या बँकेचं लेखी उत्तर बयाण्याआधी घ्या.

प्रश्न: सातबाऱ्यावर जमीन शेतीची दिसते, बंगल्याची नोंद 'शेतघर' अशी आहे. मी शेतकरी नाही. बँकच विकतेय म्हटल्यावर अडचण यायला नको ना? (वाचक, ठाणे)

उत्तर: येईल, आणि दोन बाजूंनी. सरफेसीच्या कलम 31 नुसार शेतजमिनीवरच्या तारणाला हा कायदा लागूच होत नाही. कर्जदाराने कर्जवसुली न्यायाधिकरणात हा मुद्दा काढला तर विक्री अडकू शकते. दुसरं, कुळकायद्याचं कलम 63 बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेऊ देत नाही. दिवाणी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतल्या विक्रीचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. लिलाव ही पळवाट नव्हे.

अकृषिक आदेशाची प्रत मागा आणि आदेशातलं क्षेत्र, मंजूर नकाशा व लिलाव नोटीस यांतले आकडे जुळवा. वीस गुंठ्यांपैकी पाचच गुंठे अकृषिक असतील तर उरलेल्या पंधरांचं काय, हे बँकेकडून लेखी घ्या. भोगवटादार वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), कूळ, वनाची नोंद किंवा इतर हक्कांत दुसऱ्या संस्थेचा बोजा दिसला तर वकिलाच्या शोध अहवालाशिवाय पुढे जाऊ नका.

प्रश्न: बंगल्यापर्यंत कच्चा रस्ता आहे, पण तो शेजाऱ्याच्या गटातून जातो. पुढे तो बंद केला तर? (वाचक, वाई)

उत्तर: एकाकी बंगल्याची खरी किंमत रस्ता ठरवतो. नोटिशीतल्या चतु:सीमेत 'पूर्वेस रस्ता' लिहिलं म्हणून हक्क सिद्ध होत नाही. भूमी अभिलेखकडून गाव नकाशा घ्या. गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवतात, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. त्यावरून पाण्याचा टँकर नेण्याची आशा नको. रेषाच नसेल तर जुनं खरेदीखत आणि फेरफार उलगडा. दोन्ही गट पूर्वी एकाच मालकाचे असतील आणि दुसरी वाटच नसेल, तर 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातला (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट वगैरे वापरण्याच्या हक्कांचा कायदा) निकडीचा हक्क मांडता येतो. नाहीतर 20 वर्षांची उघड, अखंड आणि हक्काने केलेली वहिवाट सिद्ध करावी लागते. जमीन महसूल कायद्याचं, तहसीलदारांकडचं कलम 143 बरेच जण सुचवतात, पण ते शेतात जाण्याच्या गरजेसाठी आहे. अकृषिक बंगल्याला त्याचा भरवसा धरू नका.

एक गोष्ट हमखास सुटते. रस्त्याचा गट कर्जदाराचाच असतो, पण तो गहाणच ठेवलेला नसतो. बँक विकते फक्त बंगल्याचा गट. गहाणखताचं परिशिष्ट बघितल्याशिवाय हे कळत नाही. जागा पाहायला शक्यतो ऑगस्टमध्ये जा. ओढा गाडी सोडतो की नाही आणि स्लॅब कुठे गळतो, हे मे महिन्यात दिसत नाही.

प्रश्न: असाच बंगला पतसंस्थेच्या लिलावात आहे. नियम तेच का? (वाचक, संगमनेर)

उत्तर: नाही. सहकारी बँकांना सरफेसी लागू आहे, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. पतसंस्थेची वसुली मात्र महाराष्ट्र सहकारी संस्था नियमांतल्या नियम 107 खाली चालते. तिथे 15 टक्के जागेवर, उरलेली रक्कम विक्रीपासून 15 दिवसांत. त्यानंतरही मिळकतीच्या मालकाला किंवा तिच्यात हक्क असलेल्याला विक्रीच्या तारखेपासून 30 दिवसांत थकबाकी आणि तुमच्या खरेदी किमतीवर 5 टक्के जास्तीची रक्कम भरून विक्री रद्द करून घेण्याचा अर्ज करता येतो. म्हणून विक्री कायम झाल्याचा आदेश हाती येईपर्यंत डागडुजीला पैसे घालू नका.

प्रश्न: आधीच्या मालकाचं वीजबिल थकलं आहे. ते कोण भरणार? (वाचक, भोर)

उत्तर: 'जसे आहे' विक्रीत ते तुमच्याकडे येऊ शकतं, 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिलावातल्या खरेदीदाराकडून अशी वसुली ग्राह्य धरली आहे. राज्याच्या वीजपुरवठा संहितेत नव्या मालकावरचा भार जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या थकबाकीपुरता ठेवला आहे. ग्राहक क्रमांक घेऊन उपविभागीय कार्यालयातून थकबाकीचा तपशील मागा आणि ती रक्कम बोलीच्या हिशेबात धरा. घरपट्टीची चौकशी ग्रामपंचायतीत त्याच फेरीत उरकते.