जॅकी रॉबिन्सनच्या आधी कोण?

प्रश्न : जॅकी रॉबिन्सन १९४७ ला अमेरिकन बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवर आला आणि तोच पहिला काळा खेळाडू असं सगळीकडे वाचतो, पण त्याच्याही आधी कुणीतरी होता असं एका मित्राने सांगितलं, खरंय का?

उत्तर : खरंय, आणि हा माणूस माझ्या फार जवळचा आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. त्याचं नाव मोझेस फ्लीटवूड वॉकर, जन्म १८५६, ओहायो. ओबर्लिन कॉलेजात शिकला आणि १८८४ मध्ये टोलेडो संघाकडून ४२ मॅचेस खेळला, टोलेडो ज्या लीगमध्ये होता ती तेव्हाची अमेरिकन असोसिएशन ही मेजर लीगच धरतात. (१८७९ ला काळ्या वंशाचा विल्यम व्हाइट एक मॅच खेळला होता, पण तो गोरा म्हणूनच वावरला, वॉकरचं तसं नव्हतं.)

वॉकर कॅचर होता, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखाच बॅट्समनच्या मागे, फक्त त्या काळी जाड ग्लोव्ह्ज नव्हतेच, बरेचदा नुसत्या हातांनी झेलायचं आणि बोटं सुजलेली, फुटलेली. कॅचरने खुणेने सांगायचं आणि पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्याने, तसा बॉल टाकायचा, पण वॉकरच्याच टीमचा पिचर टोनी मलेन त्याच्या खुणा बघायचाच नाही, मनाला येईल तो बॉल टाकायचा. हे त्याने पुढे स्वतःच कबूल केलं, आणि वर हेही म्हणाला की वॉकरसारखा कॅचर मला दुसरा मिळाला नाही! कुठला बॉल येणार हे माहीत नसताना उघड्या हातांनी झेलायचं, मला तर विचार करूनही अंगावर काटा येतो.

त्याच्या आदल्या वर्षी, १८८३ ला, वॉकर टोलेडोकडेच होता तेव्हा शिकागोची टीम तिथे आली आणि कॅप्टन कॅप अॅन्सन अडून बसला, हा असेल तर आम्ही खेळणार नाही. वॉकरचे हात दुखावलेले, त्या दिवशी तो खेळणारच नव्हता, पण मॅनेजर चार्ली मॉर्टनने मुद्दाम त्याला उतरवलं आणि खेळला नाहीत तर गेटचे पैसे नाहीत असं सांगितलं, मग अॅन्सन गपचूप खेळला.

पण १८८७ मध्ये वॉकर न्यूअर्कच्या संघात होता तेव्हा इंटरनॅशनल लीग या मेजरपेक्षा खालच्या लीगच्या मालकांनी काळ्या खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत असं ठरवलं. वॉकर १८८९ पर्यंत त्याच लीगमधल्या सिरॅक्यूज संघात टिकला, त्यानंतर त्या लीगमध्ये एकही काळा खेळाडू नाही, थेट १९४६ ला मॉन्ट्रियलकडून जॅकी रॉबिन्सन उतरला. वॉकर १९२४ लाच गेला होता.