तोरेसच्या घुमटाखाली थांब

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. ऐन सेमिस्टरमध्ये आठ दिवस नुसतं चालायला जायचं, क्रेडिट मिळणार दोन, आणि आई विचारतेय की व्हिसासाठी एवढी धावपळ केली ती काय डोंगर चढायला? जा. आईशी मी बोलतो.

तुम्हाला सांतियागोच्या वाटेचा, म्हणजे स्पेनमधल्या संत जेम्सच्या (तिथे सांतियागो) समाधीपर्यंत जाणाऱ्या ख्रिस्ती यात्रेच्या वाटेचा, पहिला टप्पा दिलाय. फ्रान्समधल्या साँ-जाँ-पिए-द-पोरपासून स्पेनमधल्या लोग्रोन्योपर्यंत, साधारण 160 किलोमीटर. पूर्ण वाट 780 च्या आसपास. ही वाट आणि तुमचं इरॅस्मस दोन्ही 1987 चे आहेत. म्हणजे वाट हजार-अकराशे वर्षांची, पण युरोप परिषदेनं तिला आपला पहिला 'सांस्कृतिक मार्ग' म्हणून जाहीर केलं ते 1987 च्या ऑक्टोबरात. त्याच वर्षी 11 देशांनी मिळून विद्यार्थ्यांची देवाणघेवाण सुरू केली, तेच इरॅस्मस. बर्लिनची भिंत तेव्हा उभी होती. 'सामायिक वारसा' हा शब्द त्या काळाचा आहे. तुमच्या पत्रकात तो फार गुळगुळीत दिसतो. पायाखाली तसा नाही, आणि मला तुला तेवढंच सांगायचंय.

पहिला दिवस अवघड. रोंसेसव्हायेसपर्यंत सुमारे 25 किलोमीटर, आणि चढ कळसूबाईपेक्षा जास्त. तू ट्रेकिंग केलंयस म्हणून माज करू नकोस; आपल्याकडे संध्याकाळी एसटी पकडून घरी येतो, इथे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निघायचं असतं. वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जड सॅक नको. पायमोजे लोकरीचे, दोनच जोड, रोज धुवायचे. टाच गरम वाटली की तिथल्या तिथे बसून टेप लाव. 'पुढच्या गावात बघू' म्हणणाऱ्यांना फोड येतात, मलाही आले होते. खाण्याचं म्हणशील तर 'मांस नको' एवढंच सांगितलंस तर ट्यूना येईल. तोही नको असं वेगळं सांगायचं. अंडं-बटाट्याची तोर्तिया चालत असेल तर उपाशी राहणार नाहीस.

आणि सगळे विचारतील, वारीसारखं असतं का? नाही. दिंडीत आपला नंबर ठरलेला, जेवण ठरलेलं, तोंडी अभंग. इथे दोघं-दोघं चालतात आणि बोलतात. चार तास शेजारी चालताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, म्हणून माणसं खरं बोलतात. वर्गात हे होत नाही.

रोंसेसव्हायेसच्या खिंडीत पोचलीस की तुम्हाला रोलाँची गोष्ट सांगतील. 778 साली फ्रँकांचा राजा शार्लमेन याचं सैन्य स्पेनमधून परतत असताना त्याच्या पिछाडीवर हल्ला झाला, त्याचा सरदार रोलाँ पडला. फ्रेंच काव्यात मारेकरी मुसलमान आहेत. प्रत्यक्षात ते तिथलेच बास्क होते, आणि बरेचसे ख्रिस्तीच असणार. शार्लमेननं पांप्लोनाची तटबंदी पाडली त्याचा राग त्यांनी काढला. तीनेकशे वर्षांत गाणाऱ्यांनी शत्रू बदलून टाकला. हे खिंडीत उभं राहून ऐक, मग पुढे चाल.

मधले दिवस सुखाचे. पुएन्ते ला रेइनाचा अकराव्या शतकातला पूल सकाळच्या उन्हात बघ. इराचेला भिंतीतल्या नळाला वाइन येते, तिथे फोटो काढतीलच सगळे. मी त्यावर जास्त लिहीत नाही.

तोरेस देल रिओला मात्र थांब. छोटं गाव, बाराव्या शतकातलं अष्टकोनी चर्च. आम्ही गेलो तेव्हा कुलूप होतं. किल्ली गावातल्या एका बाईंकडे होती, त्या हात पुसत आल्या. आत आमचे वीसजण उभे राहिल्यावर जागा संपली. मान वर केली. दगडी कमानींच्या जोड्या एकमेकींना छेदत जातात, मध्यावर एकही पोचत नाही, आणि त्या मोकळ्या सोडलेल्या जागेभोवती आठ टोकांची चांदणी तयार होते. ही रीत दक्षिण स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मशिदीतली, दहाव्या शतकातली. चर्चचा घुमट, मशिदीची विद्या.

दुसऱ्या दिवशी लोग्रोन्यो. तिथल्या सांतियागो चर्चच्या दर्शनी भिंतीवर तोच संत घोड्यावर बसलाय, तलवार उगारलेली, खाली मूरांची, म्हणजे स्पेनवर राज्य केलेल्या मुसलमानांची, मुंडकी. त्याचं नावच मातामोरोस, मूरांना मारणारा. जवळच्या क्लाविहोच्या लढाईत तो आकाशातून उतरला म्हणतात. ती लढाई झालीच नव्हती, असं इतिहासकारांचं मत आहे.

आमच्यात एक फ्रेंच मुलगी होती, आजी-आजोबा मोरोक्कोचे. आम्ही फोटो काढत होतो. ती वर बघत म्हणाली, "काल घुमट बांधायला शिकवला तो यांनीच ना?" कोणी काही बोललं नाही. मग तिनं मला विचारलं, "तुमच्याकडे असं असतं का?" मी म्हणालो, "नाही, आमच्याकडे तसं नाही."

किती पटकन म्हणालो! पोवाडे ऐकत वाढलेला मी. रात्री डॉर्मिटरीत वरच्या बंकवर कोणी घोरत होतं, पण झोप त्यामुळे गेली नव्हती. सकाळी तिची बस लवकर होती. सांगायचं राहिलं.

तुलाही तिथे कोणी ना कोणी विचारेल. पाहुणा म्हणून गेलेल्याला बाजूला उभं राहून दुसऱ्यांचं भांडण बघायची सोय असते, ती घेऊ नकोस. उत्तराची घाईही करू नकोस, चालताना वेळ भरपूर असतो. आणि गटात कोणी गप्प झालं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारून चाल.

तोरेसला दार बंद दिसलं तर मागे फिरू नका, शेजारी विचारा. लोग्रोन्योचं मात्र मेलवर लिहू नकोस, फोन कर. मी रात्री अकरापर्यंत जागा असतो.

तुझे,
सर