1971 पूर्वी लंडनच्या दुकानांत पौंड-शिलिंग-पेन्सचा हिशेब लोकांना जमायचा कसा? आणि आठवड्याचा किराणा केवढ्याला पडायचा?

ही पद्धत वेड्यांची होती, असं म्हणणारे सहसा पावकी-निमकी न शिकलेले असतात. आपल्याकडे 1957 पर्यंत 16 आण्यांचा रुपया आणि 12 पैंचा आणा होता, तेव्हा भाजीवाली कुठे अडत होती?

12 पेन्सचा शिलिंग, 20 शिलिंगांचा पौंड. नगाला जितके पेन्स, डझनाला तितकेच शिलिंग. अंडं 4 पेन्सला, तर डझन 4 शिलिंगांना. कोळशाचंही तसंच: 20 हंड्रेडवेटांचा टन, म्हणून हंड्रेडवेटला जितके शिलिंग, टनाला तितके पौंड. एक पौंड तिघांत वाटा: प्रत्येकी 6 शिलिंग 8 पेन्स, बाकी शून्य. शंभराचे असे तीन वाटे करून दाखवा.

भाव अडनिडा असला की वरचा पूर्ण आकडा धरून वजा करायचं. 2 शिलिंग 11½ पेन्सच्या 7 वस्तू? तिनाने 21 शिलिंग, त्यातून 7 अर्धे पेन्स गेले, राहिले 1 पौंड 8½ पेन्स. कापडवाले मुद्दाम 11¾ पेन्सवर संपणारे भाव लावत आणि पाव पेनी, म्हणजे फार्दिंग, परत देण्याऐवजी टाचण्यांचा कागद हातावर ठेवत. सुट्ट्यांऐवजी चॉकलेट देणाऱ्यांची हीच जात.

चिल्लर तर तोलूनच तपासता येई. 1860 पासूनच्या ब्राँझच्या 3 पेन्या म्हणजे एक औंस. 5 शिलिंगांच्या पिशवीत 60 पेन्या, काट्यावर 20 औंस. झिजलेली नाणी जास्त आली की वजन हलकं भरे, मग मात्र मोजणं आलं.

खरा घोळ 15 फेब्रुवारी 1971 ला झाला, शिलिंग काढून पौंड 100 नव्या पेन्सचा केला तेव्हा. नवी पेनी म्हणजे 2.4 जुने पेन्स. जुन्या 6 पेन्सचे नवे 2½ बरोबर येत. अधलेमधले आकडे सरकारी तक्त्याने गोल केले: जुन्या 3 चा 1, जुन्या 9 चे 4. म्हणजे 3-3 पेन्सच्या तीन वस्तू सुट्या घेतल्या तर 3 नवे पेन्स, आधी बेरीज करून बदलल्या तर 4! पद्धत सोपी झाली म्हणे.

हां, टक्केवारी आणि व्याज जुन्या पद्धतीत जीव खात, ते कबूल. त्यासाठी कारकून तयार कोष्टकांची पुस्तकं जवळ ठेवत.

किराण्याचं म्हणाल तर आधी साल सांगा. पत्राचं तिकीट 1840 ते 1918 एका पेनीलाच होतं, पावाचा भाव मात्र गव्हाबरोबर वरखाली होई.