ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडणं, हा तर दिल्लीश्वरांचा, म्हणजे लंडनचा विषय. मग गल्लीतल्या निवडणुकीत त्यावर मतं का पडतात?

नगरपालिकेकडे कचरा, रस्ते, वृद्धांची देखभाल असली कामं. युरोपशी तिचा काडीचा संबंध नाही. पण मतदार राग काढायला जवळची पेटीच शोधतो, आपल्याकडेही हेच होतं की!

मे 2019 च्या स्थानिक निवडणुका बघा. ब्रेक्झिट दोनदा पुढे ढकललेलं, दोन्ही बाजू चिडलेल्या. तेव्हा सत्तेत असलेल्या हुजूर पक्षाने इंग्लंडमध्ये 1,300 हून जास्त जागा घालवल्या. युरोपात राहण्याच्या बाजूचे लिबरल डेमोक्रॅट सुमारे 700 जागांनी वाढले. गंमत म्हणजे विरोधात असूनही मजूर पक्षाला फायदा झाला नाही. ‘बाहेर पडा’ म्हणणाऱ्या संडरलँडसारख्या बालेकिल्ल्यात त्याच्याही जागा गेल्या. काहींनी तर मतपत्रिकेवर ‘ब्रेक्झिट’ लिहून ती बाद केली.

आता ब्रेक्झिटचं नाव फारसं कुणी घेत नाही, भेग मात्र तीच आहे. 2016 च्या ब्रेक्झिट सार्वमतात लिंकनशायरमधल्या बॉस्टन गावाने सुमारे 75 टक्के मतं बाहेर पडण्याला दिली होती. 2025 मध्ये लिंकनशायरची काउंटी, म्हणजे जिल्हा परिषद, ब्रेक्झिटचे पुढारी नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाकडे गेली. त्याच दिवशी युरोपात राहण्याकडे कल असलेलं ऑक्सफर्डशायर लिबरल डेमोक्रॅटांनी जिंकलं. अर्थात वय आणि शिक्षणही यात मिसळलेलं आहे, सगळं खापर ब्रेक्झिटवर फोडू नये.