महाराष्ट्रात शाळा कोण चालवतं आणि तिचा पैसा कुठून येतो?

तुम्ही लिहिलंय की बदलीमुळे इंदूरहून नाशिकला आलात, मुलगी तिसरीत जाणार आहे, मुलगा पुढच्या वर्षी पहिलीला. घराजवळच्या शाळांच्या पाट्यांवर ‘अनुदानित’, ‘अंशतः अनुदानित’, ‘स्वयंअर्थसहाय्यित’ असं वाचून यातली सरकारी कोणती आणि खासगी कोणती ते कळेना. मी ग्रामीण भागातल्या एका अनुदानित हायस्कुलात लिपिक होतो. पगारबिलं, संचमान्यतेचे (मंजूर शिक्षकपदांचे) तक्ते, अनुदानाचे हिशेब हेच माझं काम होतं, त्यामुळे उत्तरही त्याच अंगाने देतो.

सरकारी की खासगी, एवढ्यावर थांबलात तर इथली व्यवस्था समजत नाही. शाळेत गेल्यावर दोन गोष्टी विचारा: शिक्षकांची नेमणूक कोण करतं, आणि त्यांचा पगार कोण देतं? दोन्ही उत्तरं ‘सरकार’ किंवा ‘महापालिका’ अशी आली तर शाळा सरकारी. दोन्ही ‘संस्था’ अशी आली तर पूर्ण खासगी. नेमणूक संस्थेची आणि पगार सरकारचा असेल, तर ती अनुदानित. महाराष्ट्रातली बहुतेक जुनी हायस्कुलं याच तिसऱ्या प्रकारची आहेत. बाहेरून आलेल्या माणसाचा गोंधळ होतो तो इथेच.

आधी सरकारी शाळांचं सांगतो. गावातली प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची, शहरातली महापालिकेची किंवा नगरपालिकेची. १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या, १९६२ पासून त्यांचा कारभार सुरू झाला आणि प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे गेलं. साखळी अशी: शाळेवर केंद्रप्रमुख, त्यावर विस्तार अधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक). त्यांच्या वर एका बाजूला जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, दुसऱ्या बाजूला पुण्यातले शिक्षण संचालक आणि शिक्षण आयुक्त. कागदावर मालक जिल्हा परिषद आहे, पण तिचं स्वतःचं उत्पन्न फार थोडं. शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून अनुदान म्हणून येतो. महापालिका मात्र शाळांवर स्वतःच्या अंदाजपत्रकातून बराच खर्च करते. मुंबईसारखी श्रीमंत महापालिका आणि एखादी लहान नगरपालिका यांच्या शाळांत फरक दिसतो, त्याचं एक मोठं कारण हे.

पगार सोडून बाकीच्या खर्चात केंद्राचा हात येतो. २०१८ पासून सर्व शिक्षा अभियान आणि माध्यमिक शिक्षा अभियान एकत्र करून ‘समग्र शिक्षा’ झाली. त्यात महाराष्ट्रासाठी केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४०. गणवेश, पाठ्यपुस्तकं, वर्गखोल्या आणि शाळेला वर्षाचं एकत्रित अनुदान असा पैसा त्यातून येतो. हे अनुदान पटावर ठरतं. तीसपर्यंत मुलं असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये, शंभरपर्यंत २५ हजार. खडू, झाडू, दुरुस्ती, वीजबिल सगळं त्यातच. वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेचं छत गळायला लागलं की मुख्याध्यापक ग्रामपंचायतीकडे आणि गावकऱ्यांकडे हात का पसरतात, ते या आकड्यांवरून समजेल.

आता अनुदानित शाळा. यावर जरा जास्त लिहितो, कारण महाराष्ट्राचं माध्यमिक शिक्षण त्यांच्यावरच उभं आहे.

या पद्धतीचं मूळ १८५४ च्या वुडच्या खलित्यात, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या शिक्षणधोरणाच्या पत्रात आहे. सरकारने सगळ्या शाळा स्वतः काढायच्या नाहीत. लोकांनी काढलेल्या शाळांना तपासणीच्या अटीवर मदत द्यायची, असं त्यात ठरलं. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतोय, तो आधी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे वळवा, अशी त्यांची मागणी होती. शाळेला सरकारने पैसे द्यायचे का, आणि दिले तर कोणाच्या मुलांसाठी, हा वाद आपल्याकडे इतका जुना आहे. पुढे १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत अशा संस्था उभ्या राहिल्या. जागा आणि इमारत संस्थेने लोकवर्गणीतून उभी करायची, शिक्षकांचा पगार सरकारने द्यायचा, ही विभागणी त्यातून पक्की झाली. सरकारच्या मालकीचं हायस्कूल नसलेल्या गावातही शेतमजुराची मुलगी दहावी होऊ शकली ती यामुळे. मी नोकरी केली त्या गावातही हेच घडलं. माझ्या मते महाराष्ट्राने केलेल्या सर्वांत चांगल्या कामांपैकी हे एक आहे.

प्रत्यक्षात ते असं चालतं. संस्था नोंदणीकृत न्यास असते. शाळेची एक शाळा समिती असते आणि नोकरीच्या अटी १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याने आणि १९८१ च्या नियमावलीने बांधलेल्या असतात. संस्थाचालक मनाला येईल तेव्हा शिक्षकाला काढू शकत नाहीत. काढलं तर शाळा न्यायाधिकरणात दाद मागता येते. दरवर्षी पटावरून संचमान्यता होते, म्हणजे या शाळेला इतके शिक्षक मंजूर, इतके अतिरिक्त. संस्थेने नेमलेल्या माणसाला शिक्षणाधिकारी (माध्यमिक) वैयक्तिक मान्यता देतात, मग शालार्थ आयडी (पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतला क्रमांक) मिळतो, बिल ऑनलाइन वेतन पथकाकडे, म्हणजे पगारबिलं पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे जातं आणि पगार थेट त्याच्या खात्यात पडतो. संस्थेच्या हाताला तो पैसा लागतच नाही. अभ्यासक्रम, पुस्तकं, दहावीची परीक्षा हे सगळं राज्याचं: पुस्तकं बालभारतीची, परीक्षा राज्य मंडळाची.

नेमणूक एकाची आणि पगार दुसऱ्याचा असल्यामुळे मधल्या फटीत भ्रष्टाचार शिरला, हेही सांगायला हवं. नोकरीसाठी संस्थेला लाखो रुपये मोजावे लागतात हे गावातल्या कोणालाही विचारा. त्याला आळा घालण्यासाठी शिक्षकभरतीचं सरकारी ‘पवित्र’ पोर्टल आलं. आता अभियोग्यता परीक्षेच्या गुणांवरून उमेदवार येतात आणि संस्थेला त्यांतूनच मुलाखत घेऊन निवडावं लागतं. तरी पळवाटा उरल्याच. २०२५ मध्ये नागपुरात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं. ज्यांच्या नेमणुकाच खऱ्या नव्हत्या, त्यांच्या नावाने सरकारी तिजोरीतून पगार निघत होते. दुसरीकडे खरोखर शिकवणाऱ्याची मान्यतेची फाइल वर्षानुवर्षं कार्यालयात पडून राहते. असे लोक मी जवळून पाहिलेत, त्यामुळे मला या गोष्टीचा फार राग येतो.

पगाराशिवायचं ‘वेतनेतर अनुदान’ ही या शाळांची दुखरी जागा. ते मध्ये कित्येक वर्षं बंद होतं. २०१३ पासून पुन्हा मिळायला लागलं, तेही जुन्या वेतनाच्या हिशेबाने. शिपायांची पदं २०२० च्या डिसेंबरमध्ये भत्त्यावर गेली. जुना शिपाई निवृत्त झाला की त्या जागी नियमित माणूस नाही. ग्रामीण शाळेला त्यासाठी महिन्याला ५ हजार रुपये. या पैशांत शाळा उघडणारा, घंटा देणारा, संडास साफ ठेवणारा माणूस कुठून आणायचा? म्हणून चांगल्या चांगल्या अनुदानित शाळाही पालकांकडे देणगी मागतात. कायदा मात्र स्पष्ट आहे. प्रवेशाच्या बदल्यात देणगी घेणं शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे गुन्हा आहे आणि दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. पावतीवर ‘स्वेच्छेने’ लिहिलेलं असलं आणि पैसे दिल्याशिवाय प्रवेश मिळणार नसला, तर ती स्वेच्छा नव्हे.

मग ‘अंशतः अनुदानित’ कशा आल्या? २००१ नंतर सरकारने नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर परवानगी द्यायला सुरुवात केली. शाळा काढा, पैसे मागू नका. खेड्यांत अशा मराठी शाळा निघाल्या. फी देणारे पालक तिथे नव्हतेच, त्यामुळे शिक्षकांनी वर्षानुवर्षं बिनपगारी किंवा नाममात्र पैशांवर शिकवलं. २००९ मध्ये ‘कायम’ ही अट निघाली, मग मूल्यांकन झालं, आणि २०१६ पासून टप्प्याटप्प्याने अनुदान सुरू झालं: आधी २० टक्के, मग ४०, पुढे ६०. म्हणजे त्याच पात्रतेचा, तेवढेच तास घेणारा शिक्षक पगाराचा ठरावीक हिस्साच घेतो आणि पुढच्या टप्प्यासाठी आझाद मैदानावर बसतो. आयुष्याची उमेदीची वर्षं अशी गेलेली माणसं आहेत ही. राज्याने एवढी मोठी चूक करून तिची भरपाई शिक्षकांच्या खिशातून करून घेतली, असं माझं ठाम मत आहे.

स्वयंअर्थसहाय्यित शाळा २०१२ च्या कायद्याने आल्या. सरकारचा पैसा नाही आणि पुढेही मागायचा नाही. सगळा खर्च फीमधून. तुमच्या परिसरातल्या बऱ्याच नव्या इंग्रजी शाळा याच असतील. सीबीएसई किंवा आयसीएसई ही पाटी वेगळी समजा. मंडळ अभ्यासक्रम आणि परीक्षा ठरवतं, शाळा ते चालवत नाही आणि पैसेही देत नाही. मंडळ कुठलंही असो, राज्याचा शुल्क विनियमन कायदा या शाळांना लागू आहे. तो २०११ चा, अंमल २०१४ पासून. दरवर्षी पालक-शिक्षक संघ करायचा, त्यातून चिठ्ठी टाकून कार्यकारी समिती निवडायची आणि व्यवस्थापनाने मांडलेली फी त्या समितीने मंजूर करायची, असं त्यात आहे. मंजूर झालेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. प्रवेश घेताना कार्यकारी समितीच्या सभेचं इतिवृत्त मागा. बहुतेक पालक मागत नाहीत, आणि शाळांना ते माहीत असतं.

शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे याच शाळांमध्ये पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असतात. प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतो आणि शाळेला सरकार प्रति विद्यार्थी ठरलेली रक्कम देतं. ती वर्षाला १७,६७० रुपये होती. ही रक्कम वेळेवर येत नाही, अशी शाळांची तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने जे केलं ते मला पटलं नाही. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट, असा नियम काढला. शहरात अशी शाळा जवळ नाही असं फार क्वचित होतं, म्हणजे योजना जवळजवळ संपलीच असती. उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो नियम रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचं ऐकलं नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालामुळे हे २५ टक्के लागू नाहीत.

आश्रमशाळा आदिवासी विकास आणि बहुजन कल्याण विभागाकडे, केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय थेट केंद्राकडे. तुमची बदलीची नोकरी केंद्र सरकारची असेल तर केंद्रीय विद्यालयात तुम्हाला प्राधान्य मिळतं, तेवढं तपासा.

तुमच्या मुलांचं म्हणाल तर २५ टक्क्यांचा प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गाला असतो, त्यामुळे मुलीला तो मिळणार नाही. मुलाचा अर्ज करता येईल, पण तुम्ही आरक्षित घटकात बसत असाल किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तरच. ही फीमाफी आठवीपर्यंतच आहे, नववीपासून पूर्ण फी भरावी लागते, हे आधीच धरून चाला. मुलीसाठी मी आधी जवळची जुनी अनुदानित मराठी किंवा सेमी-इंग्रजी (गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत) शाळा बघेन. तिथे संचमान्यतेचा तक्ता दाखवा म्हणा: मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि गणित-विज्ञानाला नियमित शिक्षक आहे का. रिकाम्या पदांचा आकडा मोठा असेल तर पुढची शाळा बघा.