छतावर मोजलेले ऊन सिम्युलेशनमध्ये वापरताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या छताला पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे सारखाच उतार आहे. तेथे पायरॅनोमीटरने (ऊन मोजणाऱ्या उपकरणाने) वर्षभर मोजलेले तासातासाचे आकडे सिम्युलेशनमध्ये (सौर पॅनेलच्या विजेचा अंदाज काढणाऱ्या संगणकीय प्रोग्रॅममध्ये) घातले, तर जानेवारीतल्या निरभ्र दिवशीही पश्चिमेकडील पॅनेलची वीज पूर्वेपेक्षा बरीच अधिक दिसते. उपकरण बिघडले असेल का?

उत्तर : उपकरणावर शंका घेण्यापूर्वी वेळेचा स्तंभ तपासावा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि पुणे सुमारे ७३.८५ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने पुण्यात सूर्य मध्यान्हीला येतो तो सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी. त्यातही वर्षभर फरक पडत राहतो : फेब्रुवारीच्या मध्याला ही वेळ १२:४९च्या आसपास जाते, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२:१८पर्यंत अलीकडे येते. आपल्या नोंदी प्रमाणवेळेत असून प्रोग्रॅमला त्या स्थानिक सौरवेळेत (सूर्य मध्यान्हीला आला की बारा धरणाऱ्या वेळेत) असल्याचे सांगितले गेले असेल, तर सकाळी आठला सूर्य प्रत्यक्षात असतो त्याहून बराच वर आहे असे प्रोग्रॅम धरतो, त्या मानाने मोजलेले ऊन कमी भरल्यामुळे आकाश ढगाळ असल्याचा निष्कर्ष काढतो, आणि संध्याकाळी नेमके उलटे करतो. आपल्याला दिसणारा कल अगदी असाच आहे.

ही चूक वरवरची नाही. क्षैतिज पातळीवर मोजलेल्या एकूण उन्हातून थेट किरण किती आणि आकाशात विखुरलेला प्रकाश किती, हे प्रोग्रॅम सूर्याच्या उंचीवरून ठरवतो आणि त्या वाटणीवरूनच उतरत्या पॅनेलवर किती ऊन पडेल ते काढतो. त्यामुळे वर्षाची बेरीज ठीक दिसली, तरी प्रत्येक तासाचे उत्तर चुकलेले असू शकते. दुसरी शक्यता डेटा लॉगरची, म्हणजे आकडे नोंदवून ठेवणाऱ्या यंत्राची. ‘१०:००’ ही नोंद नऊ ते दहाची सरासरी आहे की दहा ते अकराची, हे उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. हा अर्थ उलटा घेतल्यास सूर्य तब्बल एक तास सरकतो. फेब्रुवारीतला एक पूर्ण निरभ्र दिवस निवडून मिनिटामिनिटाचा आलेख काढावा. त्याचा मध्य १२:४९च्या जवळ आला, तर लॉगरचे घड्याळ बरोबर आहे. मी कोणाचाही डेटा हाती घेतला की पहिले काम हेच करतो.

प्रश्न : चाकणच्या कारखान्यात आमचे उपकरण पॅनेलच्याच पातळीत, दक्षिणेकडे १५ अंश कलते बसवले आहे. ते आकडे क्षैतिज म्हणून चालतील का?

उत्तर : अजिबात नाही. कलण्यामुळे वर्षाकाठी मिळणारा फायदा त्या आकड्यांत आधीच आलेला आहे आणि प्रोग्रॅम तो पुन्हा एकदा मिळवेल. पीव्हीसिस्ट आणि सॅम या सौरविजेचे सिम्युलेशन करणाऱ्या दोन्ही प्रोग्रॅममध्ये पॅनेलच्या पातळीवरील मोजमाप देण्याची सोय आहे. तीच वापरावी आणि कल व दिशा अचूक भराव्यात. उपकरण कोणत्या पातळीत आहे याची नोंदच हरवली असेल, तर पुणे परिसरात ती ओळखण्याची एक सुंदर संधी वर्षातून मिळते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या काळात उघडीप असताना दक्षिणेकडे कलते उपकरण भर दुपारी क्षैतिज उपकरणापेक्षा कमी आकडा दाखवते.

प्रश्न : रात्री उणे आकडे येतात आणि कधीकधी दुपारी प्रति चौरस मीटर १,२०० वॉटच्याही वर. दोन्ही काढून टाकू का?

उत्तर : रात्री उपकरणाची काच थंड आकाशाकडे उष्णता सोडते, त्यामुळे उणे काही वॉटची नोंद होते, ती शून्य धरावी. दुपारचे उंच आकडे मात्र पुसू नयेत. ढगाच्या कडेवरून परावर्तित झालेला प्रकाश थेट उन्हात मिळाला, की काही मिनिटे असे होते आणि पावसाळ्याच्या उघडिपीत ते पुण्यात दिसते. तासाच्या सरासरीत हे क्षण बुडून जातात. त्यामुळे इन्व्हर्टरने (पॅनेलची वीज वापरायोग्य करणाऱ्या यंत्राने) क्षमतेपलीकडची म्हणून प्रत्यक्षात छाटलेली वीज सिम्युलेशनमध्ये मिळाल्यासारखी दिसते. इन्व्हर्टर पॅनेलच्या मानाने लहान असेल, तर मिनिटांचा डेटा जपून ठेवावा.

प्रश्न : एका वर्षाच्या मोजमापावर पंचवीस वर्षांचा अंदाज बांधता येईल का?

उत्तर : गेल्या वर्षी संयंत्राने अपेक्षेइतके काम केले का, हे तपासायला त्या वर्षाचा मोजलेला डेटा सर्वांत उत्तम. पुढील अंदाजासाठी तो एकटा पुरत नाही, कारण एखाद्या वर्षी मान्सून लांबतो आणि एखाद्या वर्षी ऑगस्ट कोरडा जातो. आपल्या मोजमापाची त्याच वर्षाच्या उपग्रहाधारित आकड्यांशी महिनावार तुलना करावी, सातत्याने दिसणारा फरक काढावा आणि उपग्रहाच्या अनेक वर्षांच्या मालिकेला ती दुरुस्ती लावावी. पावसाळ्याचे महिने वेगळे हाताळावेत, कारण ढगांखालचा फरक आणि निरभ्र आकाशातला फरक एकसारखा नसतो. बँकेला द्यायचा अहवाल या दुरुस्त मालिकेवर आधारावा आणि उपकरणाच्या कॅलिब्रेशनची (अचूकतेच्या पडताळणीची) तारीख त्यात लिहावी.